सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

भिमाजी केंगले सरांना साधी बातमी सांगायची तरी माणसाला आधी दम खाऊन घ्यावा लागे. ओतूरच्या कॉलेजातला शिपाई येऊन म्हणे, "सर, उद्या सुट्टी आहे, सगळ्यांना माहीत आहे." झालं. सर चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "सगळ्यांना माहीत आहे, बरं. पण सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत आहे का?" शिपाई बिचारा सही घेऊन काढता पाय घेई. स्टँडसमोरचा चहावाला मात्र वस्ताद होता. सर येताना दिसले की आधीच सुरू करायचा, "सर, चहा पांचट आहे हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही तुम्हाला माहीत आहे. आता मुकाट्याने प्या." सर खो खो हसत. आपल्यावर कोणी हसलं तर हा माणूस त्यात सामील व्हायचा, म्हणून लोक त्याला जीव लावायचे.

सर शिकवायचे तर्कशास्त्र, अकरावी-बारावीच्या कलाशाखेला. गणित नको म्हणून पोरं तर्कशास्त्र घ्यायची आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर गणितासारख्या खुणा बघून डोक्याला हात लावायची. सरांचं एक आवडतं उदाहरण होतं. "टायर पंक्चर झालंय हे कंडक्टरला माहीत आहे. ड्रायव्हरलाही माहीत आहे. पण ड्रायव्हरला माहीत आहे हे कंडक्टरला माहीत नाही, आणि कंडक्टरला माहीत आहे हे ड्रायव्हरला माहीत नाही. गाडी कुठे थांबेल?" मागच्या बाकावरून उत्तर येई, "नाल्यात, सर." सर म्हणत, "शाब्बास, बस खाली." आणि मनापासून खूश होत.

आता हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कुठून, तर पुण्यात एम.ए. करताना. तिथे एकदा एका प्राध्यापकांनी फळ्यावर चौकोन काढून सांगितलं, की अमक्याला अमुक माहीत आहे याला एक खूण, अमक्याने अमुक केलंच पाहिजे याला दुसरी खूण, आणि या दोन खुणा हाताशी असल्या की माणसं एकत्र येऊन काम का करतात आणि का करत नाहीत, हे पायरीपायरीने मांडता येतं. बाकीचा वर्ग जांभया देत होता. भिमाजी मात्र ताठ झाला. हे तर आमच्या तात्यांचं चाललंय, असं त्याला वाटलं. त्याने वहीत त्या इंग्रजी खुणा खोडल्या आणि आपल्या घातल्या. जाणतो म्हणून 'जा', कर्तव्य म्हणून 'क'. पुढे जन्मभर तेच चाललं.

तात्या म्हणजे सरांचे वडील, बहिरू केंगले. राहायचे उंबरवाडीला. ओतूरहून पश्चिमेला एसटी जाते तिथवर जायचं आणि उरलेली चढण पायी चढायची. वाडी दहा-बारा घरांची, सगळी भात-नाचणी पिकवणारी. तिथे डोंगराच्या उतारावर भाताचं खाचर करायचं म्हणजे उतार खणायचा, खालच्या अंगाला दगडाची ताल, म्हणजे बांध, रचायची आणि माती ओढून जमीन सपाट करायची. हे एका घराच्या आवाक्यातलं काम नव्हे. ताल रचायचे दगडच असे असतात, की चार-चार माणसांनी पहारी लावल्याशिवाय जागचे हलत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात सगळी घरं एक होतात. आज सगळे तुझ्या शेतात, मग सगळे माझ्या शेतात, असे एकेकाचे नंबर लागतात. मजुरी कोणी मागत नाही. ज्याचा नंबर, त्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच काय तो नेम. याला म्हणतात पडकई.

सरांनी एम.फिल.ला हाच विषय घेतला होता. पडकईचं तर्कशास्त्र. किती वर्षं तो घेतलेलाच होता, हे विचारू नका. त्यांची बायको इंद्रायणी म्हणायची, "अवं, लिवताय लिवताय म्हणून आमाला सांगता, पर एक दिवस कुदळ घिऊन चला की. घाम गाळला म्हंजी तरी सुचंल." सर म्हणत, येतो, एवढं एक सूत्र संपू दे. सूत्र काही संपत नसे. त्यांचं घोडं अडलं होतं एकाच जागी. पडकईत ज्याचा नंबर शेवटी, त्याच्याकडे लोक जातातच का? तोवर सगळ्यांची खाचरं झालेली असतात. स्वतःच्या फायद्याचं बघणाऱ्याने त्या दिवशी घरी झोपावं. तरी उंबरवाडीत शेवटच्या नंबराला माणूस कमी पडल्याचं तात्यांना आठवत नव्हतं.

दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात हा शेवटचा नंबर होता मंगलवहिनीचा. ही सरांच्या थोरल्या चुलत भावाची, धर्माजीची बायको. तिने तो नंबर स्वतःहून मागून घेतला होता. धर्माजी आदल्या साली हिरडा काढताना झाडावरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली होती. वाडीत ताल रचण्यात त्याच्यासारखा हात कोणाचाच नाही. कुठला दगड कुठे बसेल हे तो नुसता बघून सांगायचा. त्याला निदान शेतापर्यंत लंगडत येता यावं, म्हणून मंगल म्हणाली, "आमचं शेवटाला धरा." आणि मग नवऱ्याच्या वाटणीचं आणि आपल्या वाटणीचं असं दोघांचं काम ती प्रत्येकाच्या शेतात एकटी ओढत राहिली. पाट्या वाहून वाहून तिच्या डोक्यावरचे केस गेले होते.

त्यांचं एकच मोठं खाचर. त्याची ताल मागच्या पावसात मधोमध फुटली होती. मृगाच्या आत ती उभी राहिली नाही तर उरलेली माती ओढ्याला जाणार, भात नाही, आणि मग वाडी सोडून नारायणगावला कोणाच्या तरी टोमॅटोच्या रानात राहायला जायचं, हे नवरा-बायकोंनी ठरवून टाकलेलं होतं. मंगलने ते इंद्रायणीला सांगितलं होतं आणि इंद्रायणीने सरांना. म्हणजे सरांना सगळं माहीत होतं. तरीही त्यांनी जे केलं ते केलं.

झालं असं. सुट्टी लागली तसे सर वाडीवर आले. बायकोच्या टोमण्याला जागून त्यांनी खरंच कुदळ धरली आणि दुपारपर्यंत हाताला फोड आणून घेतले. त्या दिवशी नंबर होता गेणभाऊचा, म्हणजे शेवटून दुसरा. गेणभाऊ दणकट गडी, मनाने मोकळा. आठवड्यावर लेकीचं लग्न आलेलं, त्यामुळे तो खुशीत होता. जेवणाआधी सगळे आंब्याखाली टेकले असताना त्याने सरांना छेडलं, "राव भिमाजी, तुमी आमच्यावर पुस्तक लिवताय म्हनं. सांगा तरी काय लिवलंय."

अहो, मास्तरला असं विचारावं का? सरांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. दगड गोळा करून ओळीने मांडले, एकेका घराचा एकेक. "हा बघा शेवटचा नंबर," ते म्हणाले. "आता समजा, प्रत्येक जण नुसता आपला फायदा बघतो. शेवटच्या दिवशी बाकीच्यांची खाचरं झालेली. मग शेवटच्याकडे कोण जाईल? कोणी नाही." त्यांनी शेवटचा दगड उचलून बाजूला टाकला. "आता हे सगळ्यांना आधीपासून कळत असेल, तर त्याच्या आधीच्याकडे तरी कोण जाईल?" दुसरा दगड टाकला. असं करत करत त्यांनी पहिल्या दगडापर्यंत सगळी ओळ उडवली आणि हात झटकून विजयाने बघितलं. "म्हणजे पडकई होऊच शकत नाही. हे तर्काने सिद्ध झालं. आता गंमत अशी आहे, की..."

गंमत काय ते सांगायच्या आत बायकांनी पानं मांडली. "जेवा आधी, मंग सांगा," म्हणून हाकारा झाला. माणसं हसत हसत उठली. "मास्तरनं आमची पडकईच उडवली," म्हणत एकाने सरांच्या पाठीत थाप मारली. जेवल्यावर प्रत्येक जण कामाला लागला आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट आज लोकांनी आपलं ऐकलं, म्हणून ते संध्याकाळभर खुशीत होते.

मंगल तिथेच, पानं मांडणाऱ्यांत होती. तिने ऐकलं. पुढचं पान मांडलं.

एका दिवसाची विश्रांती गेली आणि मंगलचा नंबर आला. पहाटे उठून तिने नाचणीच्या भाकरी थापल्या, उडदाची मोठं पातेलंभर आमटी केली. धर्माजी काठी टेकत टेकत शेतावर जाऊन दगडावर बसला. सकाळी सरांचे तात्या आणि सर पहारी घेऊन गेले. इंद्रायणी पाटी घेऊन गेली. आणि मग सगळे वाट बघत बसले. ऊन वर चढलं. खालच्या रस्त्यावर नारायणगावच्या कोणा बागाईतदाराचा टेम्पो मजूर न्यायला आला होता. तो भोंगा वाजवत गेला तेव्हा वाडीतली तीन-चार माणसं त्यात होती. बाकीचे कुठे घरातच होते, कुठे दाराशी.

कोणी दुष्टाव्याने घरी राहिलं नाही, एवढं ध्यानात घ्या. गेणभाऊ पुढे सांगायचा, "मी पहार घिऊन दारात हुबा व्हतो. म्हनलं, दुसरा कोन निघतोय का बघू. एकल्यानं जाऊन दगूड हालतोय व्हय?" प्रत्येक जण असाच दारात उभा होता आणि दुसऱ्याच्या दाराकडे बघत होता. शेवटच्या नंबराला जाण्यात आपला फायदा नाही, हे इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेलं असणारच. पण ते प्रत्येकाचं आपापलं होतं. शेजाऱ्याच्या मनातही तेच येतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. आता सरांनी ते सगळ्यांच्या देखत, दगड मांडून, मोठ्याने सांगितलेलं. ऐकताना सगळ्यांनी सगळ्यांना बघितलेलं.

शेतावर मंगल अर्धा तास फुटक्या तालीकडे बघत बसली. मग उठली आणि म्हणाली, "तात्या, भावजी, तुमी घरला जावा. तिघा-चौघांचं काम न्हाई हे." सर म्हणाले, "वहिनी, थोडी वाट बघू." ती म्हणाली, "लई बघितली." आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं.

घरी येताना वाटेतच सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याचा सात-आठ वर्षं अभ्यास केला तीच गोष्ट आपण स्वतःच्या हाताने घडवून आणली. वर्गात ड्रायव्हर-कंडक्टरची गाडी नाल्यात घालणारे आपणच. ते ओट्यावर डोकं धरून बसले. इंद्रायणी इतर वेळी चार शब्द सुनावायला कमी करत नसे, पण तिने नुसता पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि शेजारी बसली. नवऱ्याचं तोंड बघून तिला भरून आलं होतं.

दुपारी मंगल आली. पळसाच्या पानांत बांधलेल्या भाकरी आणि लोट्यात आमटी. "पडकईचं जेवान हाय," ती म्हणाली, "तुमच्या घराच्या वाटनीचं." ठेवून गेली. थांबली नाही. घरातल्यांनी ते वाटून खाल्लं.

संध्याकाळी सर घरोघरी निघाले. माफी मागायची आणि परवाचा दिवस ठरवायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. पहिल्याच घरी भागूबाईने त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. हलक्या आवाजात म्हणाली, "सर, कुनाला सांगू नका. मंगल आमच्या मागल्या दारानं जेवान देऊन गेली. आमीच तिच्या जवळचं म्हनून आमालाच दिलं आसंल. लई लाज वाटतीया." कोपऱ्यात पळसाचं पान पडलेलं होतं. सरांनी मान डोलवली. दुसऱ्या घरी भिमाजी नावाचाच दुसरा एक म्हातारा होता, वाडीत त्याला धाकला भिमाजी म्हणायचे, का ते कोणालाच सांगता येत नसे. तोही म्हणाला, "कुनाकडं बोलू नगस, पर मंगलनं..." तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी तेच. गेणभाऊच्या मांडव घातलेल्या दारात तो दणकट माणूस डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भिमाजी, तुला देवाची आन हाय, कुनाला सांगू नगं."

बघा, काय तिढा झाला. प्रत्येकाने मंगलचं जेवण जेवलेलं. प्रत्येकाला वाटतंय, आपण एकट्यानेच जेवलं. पडकईचं जेवण पोटात घातलं की काम करायला बांधलो गेलो, हे तर प्रत्येकाला पक्कं माहीत. पण आपल्यासारखे बाकीचेही बांधलेले आहेत, हे कोणालाच माहीत नाही. आणि मंगल सोडून ज्या एका माणसाला माहीत आहे, त्याच्याकडून घराघराने वचन घेतलेलं. सर प्रत्येकाला सांगत होते, "परवा या, सगळे येणार आहेत." लोक म्हणत, "मी येतो की. पर बाकीचं?" आणि एकमेकांत म्हणत, मास्तर मनाचा हळवा, तो म्हणणारच सगळे येणार. परवा आला. सगळे परत दारात उभे आणि एकमेकांची दारं बघतायत.

त्या दिवशी सरांनी पाटीवर 'जा' आणि 'क' मांडून बघितलं. वचन पाळायचं हे कर्तव्य. वहिनीची ताल उभी करायची हेही कर्तव्य, आणि ती अडली कोणामुळे, तर आपल्यामुळे. एक पाळावं तर दुसरं मोडतंय. त्यांनी पाटी पुसली, परत मांडली, परत पुसली. पश्चिमेला दुपारनंतर ढग धरायला लागले होते. मंगलच्या घरी धर्माजीने हांडे-पातेली एका जागी करायला घेतली होती, हे इंद्रायणीने येऊन सांगितलं. त्या रात्री सर जेवले नाहीत.

गेणभाऊच्या लेकीचं लग्न दोन दिवसांवर होतं, ते झालं. सगळी वाडी मांडवात. नवरा मुलगा खालच्या गावचा, वऱ्हाड खालच्या रस्त्यापर्यंत जीपने आलेलं. कर्णा लावलेला. आपल्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी माईकवर पाहुण्यांची नावं घ्यायची पद्धत, ते काम शिकलेला माणूस म्हणून सरांकडे आलं होतं. त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांची नावं घेतली, सरपंचांचं घेतलं, नवऱ्याच्या मामांचं चुकलं ते दुरुस्त करून घेतलं. आणि मग त्यांची नजर मागे गेली. मांडवाच्या कडेला मंगल एकटी बसली होती. तिच्या आजूबाजूची सतरंजी मोकळी होती. जो तो तोंड चुकवत लांब सरकलेला. ज्या बाईने या मांडवातल्या प्रत्येकाच्या शेतात दोन माणसांचं काम केलं, तिच्या शेजारी बसायला माणूस नाही.

सरांच्या हातात माईक होता. त्यांनी काय बोलायचं हे मुळीच ठरवलेलं नव्हतं, हे ते पुढे शपथेवर सांगत. त्यांना एवढंच सुचलं, की दुसऱ्याचं सांगायचं नाही असं वचन दिलंय. आपलं सांगायला कोणी मना केलंय?

"आणखी एक," सर म्हणाले. "माझं एकट्याचं सांगतो. मंगलवहिनीच्या नंबराचं पडकईचं जेवण मी जेवलोय. तिची ताल झालेली नाही. मी बिनकामाचं जेवलोय. एवढंच."

आणि माईक खाली ठेवून ते बाजूला झाले. वऱ्हाडाला काही कळेना. वाजंत्रीवाल्याला वाटलं आता वाजवायचं, त्याने सनई तोंडाला लावली, तर गेणभाऊने त्याला हाताने थांबवलं. फेटा बांधलेला, मुलीचा बाप, अंतरपाट धरायची वेळ झालेली, आणि तो सरळ चालत माईककडे आला. "मी बी जेवलोय," तो म्हणाला. "त्याच दिशी. माझ्या घरात बसून जेवलो."

मग मागून भागूबाई उभी राहिली. तिला माईक लागत नसे. "आमी बी," ती म्हणाली. धाकला भिमाजी उठला. टेम्पोतून टोमॅटो तोडायला गेलेल्यांच्या बायका उठल्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं, आणि कोणाच्या तरी तोंडून निघालं, "आता गं बया, तुमालाबी?" तेवढ्यावर सगळा मांडव हसला आणि निम्मा मांडव रडला. आपण जेवलो हे जो तो जाणूनच होता, नवं कळलं ते एवढंच, की बाकीचेही जेवलेत आणि हे आता सगळ्यांना माहीत आहे. मंगल मात्र खाली मान घालून बसली होती आणि पदराने तोंड झाकून घेतलं होतं. इंद्रायणी जाऊन तिच्याजवळ बसली. मग भागूबाई बसली. सतरंजीचा तो कोपरा भरून गेला, आणि मग भटजी ओरडले की मुहूर्त टळतोय.

दुसऱ्या दिवशी ऊन व्हायच्या आत सगळी वाडी शेतावर. पोरगी सासरी धाडून रात्रभर न झोपलेला गेणभाऊ सगळ्यांत पुढे. मुक्कामाला राहिलेले दोन व्याही पावणेही आले. त्यांना नको नको म्हटलं तर म्हणाले, जेवण आमीही जेवलोय की काल. धर्माजी खडकावर पाय लांब करून बसला आणि काठीने दाखवू लागला, हा इथे, तो तिथे, तो उलटा घाला, त्याचं पोट बाहेर येऊ द्या. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोठा झाला होता. मोठाले दगड पहारीवर घेत घेत सरकवले. फुटलेलं भगदाड तळापासून बुजवत आणलं. सर पाट्या वाहत होते. त्यांचे दोन्ही हात सोलले होते आणि कोणी पडकईबद्दल काही विचारलं तर ते फक्त मान हलवायचे.

मंगल पहाटे उठून चूल पेटवायला गेली होती. भागूबाईने येऊन चुलीतली लाकडं ओढून काढली. "जेवान झालंय तुझं. कामच तेवढं ऱ्हायलंय," ती म्हणाली. आणि खरंच, दुपारी प्रत्येक घराने आपापली भाकरी आणली होती. कोणाचं पिठलं, कोणाची चटणी, गेणभाऊच्या घरून लग्नातली उरलेली बुंदी. पंगत तालीच्या सावलीत बसली, कारण आता तालीची सावली पडत होती.

मंगल वाढायला उभी राहिली. वाढणारीने शेवटी जेवायचं, ही रीत. तात्यांनी तिला हाताला धरून बसवलं. हा म्हातारा पंगतीत कधी फार बोलत नसे. "आज तू बस," ते म्हणाले. इंद्रायणीने तिच्यापुढे पान मांडलं आणि त्यावर ज्याच्या त्याच्या फडक्यातलं थोडं थोडं वाढत गेली, सगळ्या घरांचं.

मंगलने घास घेतला नाही. ती त्या पानाकडे बघत राहिली. सर समोरच बसले होते. त्यांना राहवेना. ते म्हणाले, "वहिनी, एक विचारू? त्या दिवशी कोणी आलं नाही, तरी घरोघर जेवण का देत फिरलात?" सगळे ऐकू लागले. सरांना मनातून वाटत होतं, वहिनीने लोकांना लाजवायला केलं असेल, नाहीतर बांधून घ्यायला.

मंगलने डोळे पुसले. "बांधून कशाला घिऊ, भावजी," ती म्हणाली. "आमचं जायाचं ठरलं व्हतं. म्हनलं, वाडीचं येवढं एक जेवान आपल्याकडं ऱ्हायलंय, ते देऊन टाकावं. कुनाचं काय ऱ्हाऊ नये. तुमच्यातनं मोकळी व्हाया आले व्हते मी."

धर्माजीने तोंड फिरवलं. मंगलने पानावरची भाकरी मोडली, कोणाच्या घरची ते तिलाही कळलं नसेल, आणि नव्या तालीकडे बघून म्हणाली, "आता ही भाकर खाल्ली म्हंजी झालं. आता न्हाई जाता यायचं." आणि तिने घास तोंडात घातला.